परदेशी दुकानातून संगणकाचे भाग मागवताना: फॉरवर्डरच्या गोदामापासून गावापर्यंत

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत एक अभ्यासिका चालते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वीस-पंचवीस मुले-मुली तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते. म्हणून तिथले दोन संगणक सौर पॅनेलच्या बॅटरीवर चालवायचे ठरले. बॅटरीतले १२ व्होल्ट इन्व्हर्टरने २३० व्होल्टपर्यंत चढवायचे आणि संगणकातल्या एसएमपीएसने, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याने, ते पुन्हा १२ व्होल्टवर उतरवायचे, यात दोन्ही वेळा वीज वाया जाते. ती वाचवण्यासाठी थेट १२ ते २४ व्होल्ट डीसीवर चालणारा, मिनी-आयटीएक्स या लहान मापाचा मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य बोर्ड, आम्हाला हवा होता. यवतमाळात तो मिळाला नाही. पहाटेच्या एसटीने नागपूरला जाऊन सीताबर्डीतली दुकाने पालथी घातली, तेव्हा एका दुकानदाराने सरळ सांगितले की दहा नग घेणार असाल तरच मागवता येईल. अमेरिकेतल्या एका दुकानाच्या संकेतस्थळावर तसाच बोर्ड नवा, सीलबंद, १८० डॉलरला होता. मात्र ते दुकान भारतात माल पाठवत नव्हते.

अशा वेळी फॉरवर्डरचा मार्ग कामी येतो. फॉरवर्डर म्हणजे परदेशात गोदाम असलेली अशी सेवा, जी आपल्याला तिथला एक पत्ता देते, त्या पत्त्यावर आलेले आपले पार्सल ताब्यात घेते आणि वेगळे भाडे आकारून ते भारतात पाठवते. जपानमधून मागवायचे असेल तर टेन्सोसारख्या सेवा हेच काम करतात. काही सेवा आपल्या वतीने खरेदीही करून देतात. दुकान परदेशी कार्ड घेत नसेल तेव्हा त्यांचा उपयोग होतो. मार्ग सोपा दिसतो, पण त्यात दुकान, फॉरवर्डर आणि कस्टम अशा तीन निरनिराळ्या ठिकाणी पैसा आणि कागद लागतो, आणि यातल्या एका ठिकाणी झालेली चूक दुसरा कुणी निस्तरून देत नाही.

काय मागवावे, काय मागवू नये

माझे स्पष्ट मत असे आहे की जी वस्तू नागपूर, पुणे, मुंबई किंवा देशातल्या ऑनलाइन दुकानांत मिळते, ती दहा-पंधरा टक्के महाग असली तरी इथेच घ्यावी. परदेशातली कमी दिसणारी किंमत गावात पोहोचेपर्यंत कमी राहत नाही, आणि वस्तू बिघडली तर जवळचे सेवा केंद्र आपल्याला दारात उभे करील याची खात्री नसते. फॉरवर्डरचा खर्च ज्या वस्तूंसाठी सार्थकी लागतो त्या लहान, वजनाला बेताच्या, बॅटरी नसलेल्या आणि देशात न मिळणाऱ्या असतात: विशिष्ट मदरबोर्ड, ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मेमरी, एखादे दुर्मीळ एक्स्पान्शन कार्ड, लहान कॅबिनेटात बसणारा बुटका कूलर, खास केबल.

कॅबिनेट, मॉनिटर आणि यूपीएस या तीन वस्तूंचा विचारही करू नये. एसएमपीएस, पॉवर अडॅप्टर, कीबोर्ड आणि मॉनिटर यांवर भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीचा नियम आहे, त्यामुळे परदेशी बाजारासाठी बनवलेला, नोंदणी क्रमांक नसलेला नग कस्टममध्ये अडकू शकतो. वाय-फाय किंवा ब्लूटूथ कार्डासारखी रेडिओ लहरी सोडणारी उपकरणे दूरसंचार विभागाच्या मान्यतेच्या कक्षेत येतात. मदरबोर्डावर वाय-फाय असलेली आणि नसलेली अशा दोन्ही आवृत्त्या उपलब्ध असतील तर नसलेली निवडावी आणि वाय-फायचा डोंगल इथे घ्यावा. लॅपटॉपची सुटी बॅटरी तर जवळपास अशक्यच समजावी, कारण सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास मनाई आहे आणि बहुतेक फॉरवर्डर त्या स्वीकारतच नाहीत. मदरबोर्डावर बसवलेल्या नाण्याएवढ्या सेलची मात्र काळजी नको.

अखंड लॅपटॉप किंवा टॅब्लेट मागवायचा असेल तर आणखी एक नियम माहीत असावा. परदेशी व्यापार महासंचालनालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन आणि अगदी लहान आकाराचे संगणक यांच्या आयातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा टपाल किंवा कुरिअरने मागवलेल्या एका नगाला त्यातून सूट ठेवली. सूट परवान्यापुरती आहे, शुल्क भरावेच लागते, आणि सूट एकाच नगाला आहे. अभ्यासिकेसाठी म्हणून एका पार्सलमध्ये तीन लॅपटॉप मागवले तर ते अडकणार.

परदेशी संकेतस्थळांवर ‘रिफर्बिश्ड’ असा शेरा असलेले भाग निम्म्या किमतीत दिसतात आणि मोह होतो. जुने डेस्कटॉप आणि संगणकांचे नूतनीकरण केलेले सुटे भाग आपल्या परदेशी व्यापार धोरणात परवान्याशिवाय आणण्याजोग्या वस्तूंत नाहीत. पार्सल जप्त झाले तर वस्तूही जाते आणि भाडेही जाते. म्हणून नवी, सीलबंद वस्तूच घ्यावी आणि बिलावर ती नवी असल्याचा उल्लेख असल्याची खात्री करावी.

पैसे मोजण्यापूर्वी कागदावर मांडावयाचा हिशेब

हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. आमच्या बोर्डाचा हिशेब मी वहीत जसा मांडला होता तशाच रीतीने इथे मांडतो. डॉलरचा भाव आकडेमोड सोपी जावी म्हणून ९० रुपये धरला आहे.

बोर्ड १८० डॉलर, म्हणजे १६,२०० रुपये. दुकानापासून फॉरवर्डरच्या गोदामापर्यंतचे भाडे १० डॉलर, म्हणजे ९०० रुपये. फॉरवर्डरचे हाताळणी शुल्क ५ डॉलर, ४५० रुपये. गोदामापासून भारतापर्यंतचे हवाई भाडे ३६ डॉलर, ३,२४० रुपये. इथवर २०,७९० रुपये झाले. बहुतेक बँका परकीय चलनातल्या व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के अधिक घेतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. साडेतीन टक्क्यांनी हे ८५९ रुपये होतात.

आता कस्टम. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नसते. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर असते. २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार हवाई भाडे वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही, आणि भाड्याचा पुरावा नसेल तर ते २० टक्के धरले जाते. विम्याचा पुरावा नसेल तर १.१२५ टक्के धरतात. आमच्या बाबतीत बोर्ड व गोदामापर्यंतचे भाडे मिळून १७,१००, अधिक हवाई भाडे ३,२४०, अधिक विमा १९२, असे २०,५३२ रुपये मूल्य झाले. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरले तर २,०५३ रुपये, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार २०५ रुपये, आणि या सर्वांच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, ४,१०२ रुपये, असे मिळून ६,३६० रुपये होतात. कुरिअर कंपनी कस्टमचे काम करून देण्यासाठी वेगळा आकार घेते. तो ६०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी धरला तर ७०८ रुपये. एकूण बेरीज २८,७१७ रुपये. म्हणजे संकेतस्थळावर १६,२०० रुपयांची दिसणारी वस्तू गावात पावणेदोन पटींहून थोडी अधिक किंमत मोजून आली.

इथे धरलेले शुल्काचे दर हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत, आणि ते खरेदीच्या दिवशी नव्याने तपासलेच पाहिजेत. व्यक्तिगत वापरासाठी आणलेल्या वस्तूंना शुल्काच्या दर यादीत ९८०४ हे स्वतंत्र शीर्ष, म्हणजे मालाच्या वर्गाचा क्रमांक, आहे. त्याचा मूळ दर बराच काळ ३५ टक्के होता, नंतरच्या अर्थसंकल्पांत तो खाली आला, आणि जुन्या लेखांतून अजूनही जुनेच आकडे वाचायला मिळतात. याउलट मदरबोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड यांसारखे बहुतेक संगणकाचे भाग त्यांच्या स्वतःच्या शीर्षाखाली मूळ शुल्कातून मुक्त आहेत आणि त्यांवर केवळ आयजीएसटी लागतो. आपले पार्सल कोणत्या शीर्षाखाली दाखल होईल हे कुरिअरला आधी ईमेलने विचारावे. आमच्या उदाहरणात मूळ शुल्क शून्य धरले गेले असते तर ६,३६० च्या जागी ३,६९६ रुपये भरावे लागले असते; २,६६४ रुपयांचा हा फरक एका ईमेलच्या कष्टाला नक्कीच परवडतो. सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट संकेतस्थळावर शुल्काची आकडेमोड करण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

भाड्याच्या बाबतीत माझी पहिली चूक सांगतो, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. काही वर्षांपूर्वी मी एक लहानसे कॅबिनेट मागवले होते. काट्यावर ते जेमतेम पाच किलो भरले, पण भाडे आले साडेबारा किलोचे. हवाई मालात प्रत्यक्ष वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागले की व्हॉल्युमेट्रिक वजन किलोत मिळते. ५० गुणिले २५ गुणिले ५० चे ते खोके होते, म्हणजे ६२,५०० भागिले ५,०००. कापसाची बंडी वजनाला हलकी असूनही रस्ता भरून चालते. विमानाच्या पोटात जागेचेच भाडे द्यावे लागते. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्याचा हिशेबही असाच करून पाहावा: ४० गुणिले २५ गुणिले १२ सेंटिमीटरचे खोके २.४ किलोचे मोजले जाईल, मग आतले कार्ड दीड किलोचे का असेना.

गोदाम कोणत्या राज्यात आहे यावरही रक्कम बदलते. अमेरिकेत विक्रीकर राज्याराज्याला वेगळा आहे. ओरेगॉन, डेलावेर, मॉन्टाना आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत तो नाही. तिथले गोदाम निवडले तर दुकानाच्या बिलात कर लागत नाही. ब्रिटनमधून घेतल्यास २० टक्के, जर्मनीतून १९ टक्के आणि जपानमधून १० टक्के कर बहुधा किमतीतच असतो, आणि माल देशाबाहेर जाणार असला तरी देशांतर्गत पत्त्यावर पाठवताना दुकान तो सहसा कमी करून देत नाही.

नाव, पत्ता आणि कार्ड

फॉरवर्डरकडे खाते उघडताना जे नाव द्यावे ते आधारवर इंग्रजीत जसे छापले आहे तसेच, अक्षर न् अक्षर, द्यावे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचे एकच अक्षर, असा प्रकार सर्रास असतो. परदेशातून आलेल्या पार्सलसाठी कुरिअर कंपनी ओळखीचा पुरावा मागते, आणि पार्सलवरचे नाव व पुराव्यावरचे नाव यांचा मेळ बसला नाही तर पार्सल जागेवरच थांबते. माझे एक पार्सल वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरासाठी अकरा दिवस मुंबईत पडून होते. व्यक्तिगत वापरासाठी आयात करणाऱ्याला आयात-निर्यात संकेतांक लागत नाही, हेही लक्षात ठेवावे. तो काढून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर नकार द्यावा.

फॉरवर्डरने दिलेल्या पत्त्यात एक ‘सूट’ (suite, म्हणजे खोली) किंवा लॉकर क्रमांक असतो. गोदामात रोज हजारो खोकी येतात आणि आपले खोके त्या क्रमांकावरूनच ओळखले जाते. दुकानाच्या अर्जात पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत तो क्रमांक न विसरता लिहावा; काही दुकानांचे अर्ज दुसरी ओळ गाळतात, म्हणून नावापुढेही लिहिणे चांगले.

भारतातला पत्ता इंग्रजीत, पण आपल्या पद्धतीने पूर्ण लिहावा: घराची खूण, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, सहा आकडी पिनकोड आणि ९१ सह चालू मोबाइल क्रमांक. एकाच पिनकोडात दहा-बारा गावे असतात, त्यामुळे ‘मारुती मंदिराजवळ’ एवढ्याने भागत नाही. टपाल शाखा कोणती ते लिहावे. नागपूरच्या नातेवाइकाचा पत्ता देण्याचा विचार अनेक जण करतात. तो वाईट नाही, पण मग पार्सलही त्यांच्याच नावाने आणि ओळखीचा पुरावाही त्यांचाच असावा; नाव आपले आणि पत्ता त्यांचा असे केले तर पुन्हा कागदाचा घोळ होतो.

कार्डाबाबत रिझर्व्ह बँकेचा एक नियम उपयोगी आहे. १६ मार्च २०२० पासून दिलेली नवी कार्डे सुरुवातीला केवळ देशांतर्गत वापरापुरती चालू असतात. परदेशी ऑनलाइन व्यवहार आपल्याला बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावे लागतात. ते सुरू करताना मर्यादा खरेदीपुरतीच ठेवावी आणि काम झाले की पुन्हा बंद करावे, कारण अनेक परदेशी दुकानांत ओटीपी न मागताच रक्कम कापली जाते. बिलिंगचा पत्ता बँकेत नोंदवलेला भारतातलाच द्यावा. बिलिंग भारतात आणि डिलिव्हरी अमेरिकेत असे दिसल्यामुळे काही दुकाने ऑर्डर रद्द करतात. तसे झाल्यास खोटा पत्ता न देता दुकानाला लिहावे किंवा फॉरवर्डरच्या खरेदी सेवेचा आधार घ्यावा.

माल गोदामात पोहोचल्यावर

हा टप्पा लोक घाईने उरकतात. वस्तू परत करण्याची शेवटची संधी इथेच असते. दुकानाची परतीची मुदत माल गोदामात पोहोचला त्या दिवसापासून मोजली जाते. तो भारतात आल्यावर परत पाठवायचा तर जाण्याचे भाडे वस्तूच्या किमतीच्या आसपास जाते. म्हणून दोन-चार डॉलर खर्चून गोदामातून फोटो मागवावेत आणि कशाचे हवेत ते नेमके लिहावे: खोक्यावरचे सील, मॉडेल क्रमांक व अनुक्रमांकाचे लेबल, आणि खोके दबले असेल तर दबलेला कोपरा. आमच्या बोर्डाच्या लेबलावरचा मॉडेल क्रमांक मागवलेल्या क्रमांकापेक्षा शेवटच्या एका अक्षराने वेगळा निघाला. ते अक्षर डीसी जोडणीचा प्रकार दाखवणारे होते. बोर्ड गावात आला असता तर निरुपयोगी ठरला असता. दुकानाने चार दिवसांत बदलून दिला.

फॉरवर्डर दोन पार्सले एकत्र करून देतो, आणि पहिल्या अर्ध्या किलोचा दर सर्वांत चढा असल्याने त्यात बचत होते. त्याच वेळी ‘मूळ खोके काढून लहान खोक्यात भरू का’ असेही विचारतो. कॅबिनेटच्या पंख्यांसाठी, केबलसाठी होकार द्यावा. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड यांच्यासाठी नकारच द्यावा. मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या बारीक शेकडो पिना असतात. त्यांवरचे प्लास्टिकचे झाकण आणि स्थिर विद्युत रोखणारी अँटिस्टॅटिक पिशवी यांच्याशी गोदामात कुणी खेळू नये. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, आत प्लास्टिकचे वेष्टन घालण्याची सूचना जरूर लिहावी. नाल्याला पूर आला की आमच्या गावाचा रस्ता दिवसभर बंद असतो आणि पार्सल कोणत्या ओट्यावर थांबेल ते सांगता येत नाही.

कस्टमसाठीचे वर्णन आणि किंमत

फॉरवर्डर कस्टमसाठी मालाचे वर्णन आपल्यालाच भरायला लावतो. ‘कॉम्प्युटर पार्ट्स’ असे मोघम लिहिले की अधिकाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. ‘नवा मदरबोर्ड, मिनी-आयटीएक्स, एक नग, अमुक कंपनी, अमुक मॉडेल, व्यक्तिगत वापरासाठी’ असे लिहावे आणि दुकानाचे मूळ बिल सोबत जोडावे. किंमत बिलावर आहे तीच लिहावी.

किंमत कमी दाखवण्याचा किंवा ‘गिफ्ट’ लिहिण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो मानू नये. टपाल किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंना पूर्वी ५,००० रुपयांपर्यंत जी सूट होती ती डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेण्यात आली. राखी आणि जीवरक्षक औषधे एवढ्यांचाच अपवाद राहिला. शिवाय अधिकाऱ्याला तीच वस्तू त्याच संकेतस्थळावर कितीला मिळते हे पाहायला एक मिनिट पुरते, आणि १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार चुकीच्या माहितीबद्दल माल जप्त होऊन दंडही होऊ शकतो. वाटेत पार्सल हरवले तर विमा आपण दाखवलेल्या किमतीएवढाच मिळतो, ही गोष्टही आहेच.

कुरिअरने पाठवावे की टपालाने, याचा निर्णय गावाच्या दृष्टीने वेगळा ठरतो. शहरातला माणूस एक्स्प्रेस कुरिअर निवडतो आणि ते योग्यच आहे. त्या कंपन्यांची गाडी मात्र यवतमाळच्या पुढे क्वचितच येते. पुढचा टप्पा त्या दुसऱ्या कुणाकडे सोपवतात किंवा दूरच्या पत्त्याचा जादा आकार लावतात. टपालाचे पार्सल सावकाश येते, त्याचा माग नीट लागत नाही, पण ते गावच्या शाखा डाकघरापर्यंत येते आणि शुल्क पार्सल ताब्यात घेताना पोस्टातच भरून पावती घेता येते. साधारण दहा हजार रुपयांपर्यंतच्या, घाई नसलेल्या वस्तूसाठी मी टपाल निवडतो. त्यावरच्या वस्तूसाठी कुरिअर, आणि पार्सल यवतमाळच्या कार्यालयात ठेवून घेण्याची सूचना देतो.

याच टप्प्यावर फसवणूक होते, आणि आपल्या भागातल्या वडीलधाऱ्या माणसांची अधिक होते, म्हणून हे सविस्तर सांगतो. ‘आपले पार्सल कस्टमने अडवले आहे, या लिंकवर पैसे भरा’ असा संदेश येतो, किंवा कस्टम अधिकारी असल्याचे सांगून कुणी व्हिडिओ कॉल करतो आणि अटकेची भीती घालतो. ज्याने खरोखर पार्सल मागवले आहे तो अशा वेळी चटकन विश्वास ठेवतो. शुल्क कुरिअर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर आपला पार्सल क्रमांक टाकून किंवा टपाल कार्यालयातच भरावे. संदेशातली लिंक उघडू नये. कस्टम अधिकारी कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा क्यूआर कोडवर पैसे मागत नाही. विभागाकडून येणाऱ्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे ‘डीआयएन’, असतो आणि तो खरा आहे की नाही हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. घरी एकटे राहणाऱ्या आई-वडिलांच्या नावाने पार्सल मागवू नये आणि मागवले असेल तर हे सर्व त्यांना आधी समजावून सांगावे.

पार्सल हातात आल्यावर

खोके उघडण्यापूर्वी त्याच्या सहाही बाजूंचे आणि उघडतानाचे सलग चित्रीकरण करावे. विम्याचा दावा करायचा झाला तर तेच उपयोगी पडते. उन्हाळ्यात मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पार्सल बंद पत्र्याच्या टेम्पोतून आलेले असते, तर पावसाळ्यात खोके बाहेरून ओलसर लागते. दोन्ही वेळी वस्तू पिशवीतच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी वीज जोडावी. थेट वाळ्याच्या कूलरसमोर बसून जोडणी करू नये, पाण्याचे तुषार बोर्डावर येतात. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते. बोर्डाला हात लावण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करावा. खेड्यातल्या अनेक घरांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार नसतेच, हे आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

वस्तू विजेवर चालणारी असेल तर तिच्या लेबलावर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिले आहे का ते वाचल्याशिवाय प्लग लावू नये. अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्ट असतात. केवळ त्या व्होल्टेजसाठी बनवलेले उपकरण आपल्या २३० व्होल्टवर क्षणात जळते. सोबत आलेली चपट्या पिनांची केबल बाजूला ठेवून आपली तीन पिनांची केबल इथे विकत घ्यावी.

बोर्ड कॅबिनेटात बसवण्यापूर्वी त्याच्याच खोक्यावर ठेवून, एक मेमरी आणि प्रोसेसर एवढेच लावून सुरू करून पाहावा. वॉरंटी बहुधा विकलेल्या देशापुरतीच असते, त्यामुळे दोष असेल तर तो पहिल्या आठवड्यात, दुकानाशी पत्रव्यवहार ताजा असताना कळलेला बरा. दुकानाचे बिल, फॉरवर्डरचे बिल, शुल्काची पावती आणि बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे कस्टमकडे दाखल झालेल्या आयातीच्या कागदाची, प्रत एका पाकिटात ठेवावी. शुल्काच्या फरकाची मागणी पार्सल मिळाल्यावरही येऊ शकते. आमच्या अभ्यासिकेत ते पाकीट त्याच संगणकाच्या कॅबिनेटच्या आत, बाजूच्या पत्र्याला चिकटवलेले आहे.